मागच्या दाराची बेल

पाण्याचं मीटर वाचायला वाकावं लागतं, हे नगरपालिकेला कधी कळलंच नाही. मीटर बसवणाऱ्यांनी ते जिन्याखाली बसवलं, मोरीच्या पाठीमागे बसवलं, एका घरी तर चक्क कपाटाच्या आत बसवलं. वाचणारीच्या गुडघ्यांचा विचार कुणी केला नाही. मीटरमावशीचे गुडघे आता उठताना कुरकुरायचे आणि ती त्यांची समजूत घालायची, "झालं रे, हे शेवटचं घर." ते शेवटचं कधीच नसायचं. गुडघ्यांनीही तिच्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं.

तिला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर असायचं. अख्ख्या भागात ती मीटरमावशी. ज्यांच्या लग्नाआधीपासून ती त्यांच्या घरी येत होती, त्यांची मुलंही मावशी म्हणायची आणि त्या मुलांचे आजोबाही. घरी तिचा नवरा रागावला की "काय मीटरबाई" म्हणायचा. तो मोटार शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आयुष्यभर जादाचा ब्रेक दाबत आल्यामुळे त्याचा उजवा पाय घरात जेवतानासुद्धा मधूनच जमिनीवर दाबला जायचा, विशेषतः बायको काही नवीन करायचं म्हणाली की.

पूर्वी रीडिंग कागदावर लिहायचं. मग पालिकेनं हातात धरायचं यंत्र दिलं. त्यात आकडा टाकायला एक चौकट आणि तिच्याखाली दुसरी, शेऱ्याची. नियम असा की शेऱ्यात 'दार बंद' किंवा 'मीटर बंद' एवढंच लिहायचं. मीटरमावशीनं सुरुवातीला तेवढंच लिहिलंही. पण तिचे गुडघे सुजले, ती रजेवर गेली आणि तिच्या जागी आलेल्या बदलीच्या माणसाला पहिल्याच गल्लीत कुत्रं चावलं. बिचारा पोटरी धरून ऑफिसात आला, तेव्हापासून मावशी शेरे मनापासून लिहू लागली. 'कुत्रं भुंकतं, चावत नाही. मालकाचं नेमकं उलट आहे.' 'जिन्याची तिसरी पायरी हलते.' 'इथे चहा देतात. नाही म्हणू नये, पण प्यायलाच पाहिजे असं नाही.' 'आत भांडण चालू असेल तर आधी शेजारचं घर घ्यावं.' पाणीखात्याचे साहेब ते शेरे वाचून एकटेच हसत बसायचे. थांबवलं कुणीच नाही.

चष्मेकाकांच्या घरासाठी तिनं लिहिलं होतं, 'काकांना कमी ऐकू येतं. पुढची बेल ऐकू येत नाही, मागच्या दाराची येते. घाई करू नये. एकटेच असतात, थोडा वेळ बसलं तर त्यांना बरं वाटतं.' चष्मेकाका म्हणजे निवृत्त चष्मेवाले. या भागातल्या निम्म्या नाकांवर त्यांनी फ्रेम बसवलेली. बायको गेली, दुकान गेलं, आता घरात ते आणि भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता. मावशी गेली की ते तिला तक्त्यासमोर उभी करायचे आणि म्हणायचे, "खालची ओळ वाच पोरी." ती ओळ मावशीला पाठ झाली होती, त्यामुळे तिचे डोळे आजवर एकदाही बिघडले नाहीत.

आणि मग पालिकेचा डेटा फुटला.

कुणी फोडला, कसा फोडला, हे कुणालाच धड सांगता येईना. फलकावर नोटीस लागली की नागरिकांची नावं, पत्ते, फोन नंबर आणि पाणीवापराची माहिती अनोळखी लोकांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे, तरी नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तोवर कुणी घाबरलं नव्हतं, नोटीस वाचल्यावर घाबरले. पालिकेचं दुसरं कुणी दारात येत नसल्यामुळे सगळा जाब मीटरमावशीला. "मावशी, आमचा डेटा कुठाय?" असं लोक विचारायचे, जणू तो तिच्या पिशवीत होता. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. ती म्हणायची, "माझाही गेलाय हो, मीही इथंच राहते." पण सरकारी पिशवी खांद्याला असली की माणूस रहिवासी राहत नाही.

रहिवाशांच्या मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये एक वकीलबाई बोलावली. मावशीही गेली, स्वतःच्या घराचं बिल घेऊन, मागच्या बाकावर. वकीलबाईंना सर्दी झाली होती आणि आधीच्या दोन सभांमध्ये त्यांचा घसा बसला होता. रुमाल नाकाला लावत त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पहिलं म्हणजे पालिकेकडे अर्ज करा की माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय त्याची प्रत द्या. तो तुमचा हक्क आहे. दुसरं, माहितीचं रक्षण करणारं जे प्राधिकरण आहे, तिथं तक्रार करा. खर्च नाही, पालिकेला दंड होऊ शकतो, पण त्यातलं तुमच्या हातात काही पडत नाही. तिसरं, ज्यांचं खरोखर नुकसान झालंय त्यांनी मिळून कोर्टात भरपाईचा दावा लावायचा.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," पुढच्या बाकावरचा किराणावाला म्हणाला.

"म्हणूनच सगळ्यांनी मिळून चढायची," वकीलबाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "पण दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. नुकसान झालं, ही एक. आणि ते याच फुटलेल्या माहितीमुळे झालं, ही दुसरी. नुसतं 'वाईट वाटलं' म्हणून चालणार नाही, अगदीच चालत नाही असंही नाही, पण कशामुळे ते दाखवावं लागेल. चोरी, फसवणूक झाली असेल तर आधी पोलिसांत तक्रार हवी. पुढच्या महिन्याअखेर आपण दावा दाखल करतोय, त्यानंतर नावं घेता येणार नाहीत."

"माझं पाण्याचं बिल जास्त आलंय, ते यात बसतं का?" एकानं विचारलं. ते यात बसत नव्हतं, पण तो बसला नाही, बोलतच राहिला.

त्याला कसंबसं खाली बसवून वकीलबाईंनी विचारलं, "या काळात कुणाच्या घरी कुणी ओळख सांगून आलं होतं? तुमची माहिती असलेलं?" चार-दोन हात वर झाले. ऐकू यावं म्हणून चष्मेकाका अगदी पुढे बसले होते. त्यांचाही हात अर्धा वर गेला. मग त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, मीटरमावशीवर त्यांची नजर पडली आणि हात खाली घेऊन ते चष्मा पुसायला लागले. मावशीनं ते पाहिलं. आपल्याला बघून काकांनी हात का खाली घ्यावा, हे तिला काही उमगेना.

त्यांच्या गल्लीची पाळी आली त्या दिवशी तिनं मागच्या दाराची बेल दाबली. दार उघडलं, पण साखळी लावलेली. ही साखळी नवीन होती. काकांनी तिला आत घेतलं, पण तक्त्यासमोर उभी केली नाही. तिनं मीटर वाचलं, गुडघ्यांची समजूत घालत उठली, तरी ते बस म्हणाले नाहीत.

"काका, काही चुकलं का माझं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"तुझं काय चुकायचं?" काका म्हणाले. मग थोडं थांबून, "तुझा भाचा बरा आहे ना?"

"कुठला भाचा?"

"असू दे गं. झालं ते झालं. पोरं चुकतात." ते खुर्चीवर बसले. "मी कुणाला बोललो नाही. पोलिसांतही गेलो नाही. तुझ्या नोकरीवर आलं असतं. तू काळजी करू नकोस."

मग तुकड्यातुकड्यानं ते बाहेर आलं. एक तरुण मुलगा मागच्या दारानं आला होता. मागच्या दाराची बेल दाबून. म्हणाला, मी मीटरमावशीचा भाचा, मावशी रजेवर आहे, तिनं सांगितलंय की काकांना पुढची बेल ऐकू येत नाही. मीटर पाहिल्यासारखं केलं, मग बसला. चांगला बसला. चष्म्यांबद्दल विचारलं, दुकानाबद्दल विचारलं. काकांनी कपाटातून बायकोसाठी स्वतःच्या हातानं घडवलेली सोन्याची फ्रेम काढून दाखवली. त्यानं पाणी मागितलं. काका पाणी घेऊन आले तर मुलगा नव्हता आणि फ्रेमही नव्हती.

 मागच्या दाराची बेल, कमी ऐकू येणं, थोडा वेळ बसणं. हे नोटिशीतल्या नाव-पत्त्यात कुठं होतं? हे तिच्या शेऱ्यात होतं. तिनं स्वतःच्या अंगठ्यानं एकेक अक्षर दाबून लिहिलेलं. 'मला भाचा नाही' एवढं एक वाक्य तिला बोलायचं होतं. पण ते बोललं की काका विचारणार, मग त्याला हे सगळं सांगितलं कुणी? ती "येते काका," म्हणून निघाली. म्हणजे नसलेल्या भाच्याला तिनं चोर ठरवलं आणि त्याची मावशी म्हणून माफीही पदरात पाडून घेतली.

ती तडक साहेबांकडे गेली. "साहेब, शेरेही गेलेत का?"

साहेबांनी उठून दार लावलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. डेटा फुटल्यापासून त्यांच्या टेबलावर फाइलींची भिंत उभी राहिली होती. "सगळंच गेलंय," ते म्हणाले.

"मग नोटिशीत का नाही?"

"नोटिशीत सगळंच लिहितात का, मावशी?" त्यांनी डोळे चोळले. "आता लोक प्रती मागतायत. त्यात शेऱ्याचा रकाना कोरा करून द्यायचं ठरलंय. वरून ठरलंय. कोर्टात वकील सांगणार, नावपत्त्यावरून कुणाचं काय नुकसान होतं? फोनच्या डिरेक्टरीत पूर्वी तेच छापायचे."

"पण चष्मेकाकांच्या घरी..."

"मला सांगू नका." साहेबांनी हात वर केला. "ऐकलं तर मला लिहावं लागेल. तुम्ही नियम मोडलात, पालिका तुमच्याकडे बोट दाखवील. मी वाचून हसायचो, म्हणून माझ्याकडेही. तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी जा."

ती घरी गेली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उजवा पाय जमिनीवर दाबत राहिला.

"साहेब बरोबर बोलले," तो शेवटी म्हणाला. "कुठं जायचं नाही. म्हातारा काही मागत नाहीये. त्यानं तर तुला वाचवलंय."

"ज्यात मी नाहीच, त्यातनं वाचवलंय," मावशी म्हणाली. "आणि ज्यात आहे ते त्याला ठाऊक नाही."

"मग कळवायचं कशाला? करायला गेलीस चांगलं. चोरी तू केलीस का?"

"नाही. रस्ता मी दाखवला."

"पेन्शन अडकवतील."

"ठाऊक आहे."

ती चिडलीही नाही. चिडायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. आयुष्यभर लोकांच्या दारात वाकून तिनं एवढंच कमावलं होतं की लोक तिला बघून साखळी लावत नाहीत. तेवढ्यासाठीच तिला आता रडू येत होतं आणि नवऱ्यासमोर रडायचा कंटाळाही आला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली. साहेबांनी सांगितलं तसं केलं. कुणाच्या डेटाबद्दल कुणी विचारलं की कानावर हात.

मग पुढच्या फेरीला चष्मेकाकांची गल्ली आली. दावा दाखल व्हायचा तो महिना संपत आला होता. ती त्यांच्या मागच्या दारापर्यंत गेली, बेलवर बोट ठेवलं आणि ते दाबलंच जाईना. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे काका घरात होते. तिनं यंत्र काढलं, आकडा टाकला नाही आणि शेऱ्यात लिहिलं, 'दार बंद'. मनापासून शेरे लिहू लागल्यापासून तिनं ती चौकट नियमाप्रमाणे वापरली ती ही पहिलीच वेळ, आणि तेही खोटं होतं.

ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथं कुणाच्या तरी ओट्यावर बसली. गुडघे दुखत होते म्हणून बसले, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग उठली, परत आली आणि बेल दाबली.

"काका," ती साखळीच्या फटीतूनच म्हणाली, कारण आत गेल्यावर धीर झाला नसता. "मला भाचा नाही. बहीण आहे, तिला दोन मुली. भाचा नाही."

काकांनी साखळी काढली. "म्हणजे तो तुझा कुणी नव्हता?"

"कुणी नव्हता."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "देवा रे," ते म्हणाले. "आणि मी उगाच तुझ्यावर... ये, आत ये." ते आनंदानं तिला तक्त्याकडे न्यायला लागले, तेव्हा मावशीला वाटलं, इथंच थांबावं. खालची ओळ वाचावी आणि घरी जावं.

"थांबा काका. त्याला मागची बेल कुणी सांगितली, हे विचारा."

त्यांनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मग तिनं यंत्राबद्दल सांगितलं, शेऱ्याबद्दल, बदलीच्या माणसाबद्दल, रकाना कोरा करण्याबद्दलही. सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. लाज वाटणारी गोष्ट ओरडून सांगावी लागणं, ही निराळीच शिक्षा असते.

"काय लिहिलं होतंस?" काकांनी विचारलं.

तिनं शब्द न् शब्द म्हणून दाखवला. कमी ऐकू येतं. मागच्या दाराची बेल. घाई करू नये. एकटेच असतात, थोडा वेळ बसलं तर त्यांना बरं वाटतं.

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तासभर बसला होता तो. म्हणून मला खात्री पटली. म्हटलं, एवढा वेळ कोण बसतं? तुझ्याच घरचा असणार."

मावशीनं तोंडावर पदर धरला. काकांनी तिला पाणी आणून दिलं, समजूत मात्र घातली नाही. रागावलेही नाहीत, आणि नाही रागावले हेच तिला सोसेना. "मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता पोलिसांत जायचं. मग वकीलबाईंकडे. मी साक्ष देते."

"तुझी नोकरी?"

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू, काका. मला आता नाही म्हणायचाही कंटाळा आलाय."

नवऱ्यानं दोघांना शिकाऊ मोटारीतनं नेलं, डोक्यावर मोठी पाटी लावलेल्या.  वाटेत त्यानं एकदाही विनाकारण ब्रेक दाबला नाही, हे मावशीच्या लक्षात आलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि इतक्या उशिरा का आलात, असं तीन वेळा विचारलं. काका तिन्ही वेळा म्हणाले, "ऐकू कमी येतं."

वकीलबाईंची सर्दी अजून गेली नव्हती. त्यांनी मावशीचं सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "तुमच्या साक्षीनं दावा उभा राहील," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचाच. रकाना कोरा करतायत हे कळलं तर प्राधिकरणही त्यांना सोडणार नाही. पण पालिका म्हणेल, चूक कर्मचाऱ्याची. सूड म्हणून तुमच्यावर काही केलं तर त्याविरुद्ध दाद मागता येते. मी सोपं आहे असं म्हणत नाही. वर्षं जातील."

"सरकारी काम आहे," मावशी म्हणाली. "ठाऊक आहे मला."

मग वकीलबाई काकांकडे वळल्या. काय गेलं, कधी गेलं, वस्तू कशी होती. काकांनी फ्रेमचं वर्णन इतकं बारीक केलं की ते लिहिताना बाईंना त्यांना दोनदा थांबवावं लागलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मनस्ताप? तोही दाव्यात लिहिता येतो."

काकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"मनस्ताप, काका!" मावशीनं त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. "मनाला काय त्रास झाला, ते विचारतायत!"

"काही नाही," काका म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले आणि वकीलबाईंना नाही, मावशीला सांगितलं. "पाणी आणायला उठलो तेव्हा तो म्हणाला होता, काका, पुढच्या आठवड्यात परत येतो, तुमचं दुकानाचं अर्धंच राहिलं. फ्रेम गेलेली मला त्याच दिवशी कळली होती. तरी पुढच्या आठवड्यात मी मागचं दार उघडं ठेवून बसलो होतो."

मोटारीच्या किल्ल्या हातात खेळवत दारात उभ्या असलेल्या नवऱ्याचा हात थांबला. वकीलबाईंनी काका बोलले ते होतं तसं लिहून घेतलं आणि कागद मावशीपुढे सरकवला. साक्षीदाराची सही खाली करायची होती, पूर्ण नावानिशी. मावशीला आपलं नाव लिहायची सवय राहिली नव्हती, म्हणून तिला जरा वेळ लागला.